पेटी कुठं ठेवायची

परवा लेकाच्या फ्लॅटमध्ये होम थिएटर बसवायला एक माणूस आला होता. भिंतीवर बारके बारके स्पीकर ठोकून झाल्यावर त्याने तो मोठा काळा डबा, सबवूफर, पायाने ढकलत ढकलत सोफ्याच्या मागे नेला. "हा कुठंही ठेवा मावशी," तो मला म्हणाला, "खर्जाचा आवाज कुठून येतोय ते कानाला कळतच नाही." शास्त्र म्हणून त्याचं बरोबर होतं. पण पायाने ढकललेला तो डबा बघून माझं डोकं असं तडकलं की मी त्याला चहासुद्धा विचारला नाही. सून म्हणाली, "आई, एवढं काय झालं?" एवढं काय झालं ते सांगायला पन्नास वर्षं मागं जावं लागतं, आणि तिची मीटिंग सुरू होणार होती. म्हणून लिहून काढते.

माझे वडील, आम्ही त्यांना आबा म्हणायचो, तोफखान्यात हवालदार होते. एकाहत्तरची लढाई झाली आणि पुढच्या वर्षी ते पेन्शनीवर घरी आले ते कान गमावून. आमचं गाव तासगावच्या बाजूला, घरची उसाची चार एकर जमीन, ती धाकटे चुलते, आमचे काका, बघायचे. सैन्यातून परत आलेला माणूस आमच्याकडे नवा नाही, घरटी एक तरी असतोच. पण बहिरा होऊन आलेल्या माणसाचं काय करायचं ते कुणाला माहीत नव्हतं. मग सगळ्यांनी एकच केलं, ते त्यांच्या कानापाशी जाऊन ओरडायला लागले. शेजारीण ओरडायची, पोस्टमन ओरडायचा, चुलते तर अंगणातूनच ओरडायचे, "दादाऽऽ, च्या घ्याऽऽ!" आबा हसून मान हलवायचे. चहा म्हटलं तरी मान हलवायचे आणि म्हैस सुटली म्हटलं तरी. मग लोक आपसात हसायचे. ते हसणं मला आजही आठवलं की हात शिवशिवतात.

लढाईआधी आबा रजेवर आले की गावच्या भजनात पखवाज त्यांचा असायचा. आई कणीक मळायला बसली की तिच्यातला एक गोळा ते उचलून न्यायचे. पखवाजाच्या डाव्या तोंडावर कणीक थापतात, त्याशिवाय त्यातून तो भरलेला "धुम" निघत नाही. परत आल्यावर पहिल्याच एकादशीला ते पखवाज घेऊन बसले, आणि दुसऱ्याच अभंगाला सगळं भजन एकीकडे आणि आबा दुसरीकडे. टाळांचा आवाज बारीक, तोच त्यांना ऐकू येत नव्हता, हे मला पुढे कळलं. आबांनी स्वतःच पखवाज पुढ्यातून उचलला, शेजारच्याच्या मांडीवर ठेवला आणि हात जोडून उठले. त्यानंतर ते भजनाला गेले नाहीत. संध्याकाळी घराच्या पुढच्या सोप्यात बाजेवर बसायचे, मांडीवर बोटं ठेवून. ती बोटं हलायची नाहीत, एवढंच मला दिसायचं.

मी तेव्हा सांगलीला कॉलेजात फिजिक्स शिकत होते आणि हॉस्टेलवर राहत होते. आमच्या वर्गात मुली आम्ही दोघीच. मिरजेच्या डॉक्टरांनी आबांना कानात घालायचं यंत्र दिलं होतं, पण ते घातलं की नुसती शिट्टी वाजायची, म्हणून आबांनी ते सुपारीच्या डबीत टाकून दिलं. उन्हाळ्याच्या सुट्टीत घरी असताना माझ्या एक गोष्ट लक्षात आली. आई मागून हाका मारून दमली तरी आबा वळायचे नाहीत, पण गल्लीत उसाचा ट्रक शिरला की वळायचे. विहिरीवरचं इंजिन सुरू झालं की म्हणायचे, "आज लवकर लावलंय इंजान." म्हणजे तोफांनी बारीक आवाज नेले होते आणि जाड आवाज ठेवले होते! गावभर लोक त्यांच्या कानात चिरकत होते आणि नेमका तोच आवाज त्यांच्यापर्यंत पोहोचत नव्हता. मला हे शोधल्याचा आनंद झाला त्याहून जास्त राग आला. दोन वर्षं एकाच घरात राहून हे कुणाला दिसू नये?

सांगलीत बसस्टँडच्या मागच्या बोळात एक रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं. तिथले म्हातारे मिस्त्री लग्नाकार्याचे कर्णे आणि टॉकीजचे स्पीकरही दुरुस्त करायचे. मी त्यांच्याकडे गेले आणि सांगितलं, मला फक्त जाड आवाज काढणारा स्पीकर पाहिजे. ते आधी हसले. मी हसले नाही, तेव्हा त्यांनी स्टूल पुढे केलं.

त्यांनी एका टॉकीजमधून निघालेला बारा इंची स्पीकर टेबलावर उघडाच ठेवला आणि त्यावर गाणं लावलं. एवढं मोठं धूड, पण आवाज पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखा. "आता बघ," ते म्हणाले. "हा कागद पुढं सरकला की पुढची हवा दाबली जाते, आणि त्याच वेळी मागची हवा ओढली जाते. बारीक आवाजाचं त्यात फारसं बिघडत नाही. जाड आवाज मात्र कडेनं वळून मागं जातो, पुढचा दाब आणि मागची ओढ एकमेकांत मिटून जातात. आवाज काढला कुणी आणि खाल्ला कुणी? त्यानंच काढला, त्यानंच खाल्ला." मग त्यांनी एका मोठ्या फळीला पाडलेल्या भोकात तोच स्पीकर धरला, आणि टेबलावरचे स्क्रू थरथरायला लागले. पेटी म्हणजे हीच फळी चारही बाजूंनी वळवलेली, मागचा आवाज मागेच कोंडून ठेवणारी.

पण नुसतं कोंडून भागत नाही, असंही ते म्हणाले. पेटीला पुढून एक भोक ठेवायचं आणि त्यात मापाची नळी बसवायची. रिकाम्या घागरीच्या तोंडावर फुंकर मारली की ती घुमते ना, तशी ती पेटी तिच्या आकाराप्रमाणे एका ठरावीक स्वराला घुमते. तो स्वर बरोबर खर्जात बसवला की जिथे कागदाची ताकद संपते तिथे भोकातली हवा हात देते. रेडिओकडून येणाऱ्या तारेत त्यांनी तांब्याच्या तारेची एक जाड गुंडाळी घातली, तिला ते चोक म्हणायचे. ती सावकाश हलणारा आवाज सोडते आणि घाईचा आवाज अडवते. शेवटी म्हणाले, "जमिनीवर ठेव. कोपऱ्यात. दोन भिंती आणि जमीन मिळून आवाज पुढं ढकलतात. आणि लक्षात ठेव, हा आवाज कान कमी ऐकतो, अंग जास्त ऐकतं." हे शेवटचं वाक्य मी वहीत दोनदा लिहून घेतलं.

पेटी आमच्या गावच्या सुताराने केली. त्याने आधी पातळ प्लायवूडची, वर नक्षी काढलेली, देव्हाऱ्यासारखी पेटी करून आणली. ती एवढी खडखडली की त्यात कुणी चमचे टाकलेत असं वाटावं. मी त्याच्याशी कडाक्याचं भांडले. पेटीने स्वतः हलायचं नसतं, हलायचं ते हवेने! शेवटी त्याने आंब्याच्या दीड बोट जाड फळ्यांची नवी पेटी केली आणि सांध्यांत मी स्वतः लांबी भरली, कुठूनही हवा सुटू नये म्हणून. दोन माणसांना उचलायला जड जाईल अशी ती झाली. सोप्याच्या कोपऱ्यात, आबांच्या बाजेच्या पायथ्याशी, जमिनीवर मी ती ठेवली.

रेडिओवर भजन लागलं होतं. आबा खाली बसले आणि पेटीवर हाताचा पंजा ठेवला. मग म्हणाले, "डावा हात ऐकू येतोय गं. उजव्या तोंडाच्या शाईचं काय न्हाई कळत. पर धुम येतीया." आणि त्यांच्या दुसऱ्या हाताची बोटं मांडीवर पडायला लागली. आई चुलीपाशी होती ती पिठाच्या हातांनी दारात येऊन उभी राहिली. मला रडूही येत होतं आणि सगळ्या गावाला गोळा करून जाब विचारावा असंही वाटत होतं. अंग जास्त ऐकतं हे डोक्यात बसलेलंच होतं, म्हणून मी आबांना खुणेने सांगितलं, बाजेवर बसा आणि पाय ठेवा पेटीवर, पायांतून आणखी छान कळेल. आबांनी हसून मान हलवली, नको म्हणून. मला वाटलं, होईल सवय. आणि मी सांगलीला निघून गेले.

दिवाळीला परत आले तर पेटी कोपऱ्यात नव्हती. समोरच्या दगडी भिंतीत लोखंडी खुंट्या ठोकून एक फळी बसवली होती, तिच्यावर उंच माझी पेटी. वर काकूने विणलेला क्रोशाचा रुमाल, त्यावर झेंडूची माळ, लाकडाला हळदीकुंकवाची बोटं. आणि भोकात, मिस्त्रींनी तासभर गणित करून ज्याचं माप काढून दिलं त्या भोकात, जुन्या धोतराचा बोळा कोंबलेला!

"उंदीर शिरत्यात," काका म्हणाले.

"आणि खाली होती ती वर कुणी चढवली?"

"वर नगं? वाद्य हाय न्हवं ते. खंडेनवमीला पूजा केली त्याची. हितं खाली येणाऱ्याजाणाऱ्याचा पाय लागतोय. तुझ्या आबानंबी..."

मी त्यांना पुढे बोलू दिलं नाही. माझ्या तोंडाला जे आलं ते मी बोलले. तुम्हाला वस्तू वापरायची नसते, नुसती पुजायची असते. बायकांचं शिलाई मशीन असंच झाकून ठेवता, चांगला स्टोव्ह असाच झाकून ठेवता, आणि आता आबांचे कानही झाकून फळीवर ठेवलेत. काका घरातले कर्ते, त्यांना असं आजवर कुणी बोललं नव्हतं. पाडव्याची सकाळ होती, सोप्यात चुलत घराण्यातली आठदहा माणसं फराळाला बसली होती. मी त्यांच्यादेखत साडीचा पदर खोचला आणि पेटी खाली ओढली. खाली घेताना दिसलं, तिच्या पुढच्या बाजूला मध्यावर, स्पीकरच्या खाली आणि भोकाच्या वर, लाकूड एका ठिकाणी काळपट तेलकट झालं होतं, वाटीएवढ्या गोलात. कुणीतरी खरकटा हात पुसलेला दिसतोय, असं मी म्हणाले आणि पदराने तो डाग खसाखसा घासला.

मग पेटी कोपऱ्यात ठेवली, बोळा काढून फेकला, रेडिओ लावला. आबांना दंडाला धरून बाजेवर बसवलं. ते काहीतरी सांगत होते, "आगं, पोरी, आगं..." मी ऐकलं नाही. मी खाली बसले आणि माझ्या हातांनी त्यांचे दोन्ही पाय उचलून पेटीवर ठेवले.

आबांनी पाय असे मागे घेतले, जणू ते चुलीतल्या निखाऱ्यावर पडले होते. सगळी माणसं बघत होती. ते वाकले, उजव्या हाताने पेटीला शिवले, तो हात दोन्ही डोळ्यांना लावला. पुन्हा शिवले, पुन्हा लावला. मग चपला घालून मळ्याकडे निघून गेले.

आईने मला आत बोलावलं. ती रागावलेली नव्हती, थकलेली होती. "तुज्या काकानं न्हाई चढवलं ते वर," ती म्हणाली. "तुज्या बानंच सुताराला बोलवून फळी मारून घेतली. भिताडाला उभं ऱ्हायलं, कपाळापशी पेन्सिलीनं रेघ वडली, आन् म्हणलं, पेटीचा मधला भाग हितं आला पायजे. रोज सांच्याला उभं ऱ्हातंय आन् कपाळ टेकवतंय. मान्सं म्हणत्यात, म्हातारा देव देव करतोय. त्ये ऐकत असतंय." थोडं थांबून म्हणाली, "पेटीवर हाताला येतंय त्याच्यापरीस कपाळाला लय चांगलं येतंय म्हणं. बोळा मातूर काकूनं घातला. त्येनी म्हणलं, असूं द्या, मला येतंय."

तो वाटीएवढा डाग आबांच्या कपाळाच्या तेलाचा होता.

मी धावत बाहेर आले. त्याच दुपारी काकांच्या मदतीने पेटी पुन्हा वर चढवली, पुसली, रुमाल घातला, माळ घातली. काकांनी मुकाट्याने हात लावला, आणि त्यांचं ते मुकाटपण मला सगळ्यात जास्त लागलं. संध्याकाळी आबा आले. रेडिओवर भजन चालू होतं. ते पेटीसमोरून गेले आणि बाजेवर जाऊन बसले. दुसऱ्या दिवशीही तसंच. आई त्यांना खुणावून थकली, तेव्हा ते एवढंच म्हणाले, "माजा पाय लागलाय तिला. आता कपाळ कसं लावू?"

मी सांगलीला परत गेले ती धुमसतच. आता खरं सांगायचं तर माझा राग आबांवर होता. पखवाज वाजवणारा माणूस वाद्याला पाय लावत नाही हे मला कळत होतं, पण मी म्हणायचे, एवढं काय ते? आवाज महत्त्वाचा की सोवळं? ज्या माणसाला जगात दुसरं काही ऐकू येत नाही त्याने हा हट्ट कशासाठी धरावा? पुढच्या दिवाळीला मी परीक्षेचं निमित्त सांगितलं. पास झाल्यावर सांगलीतच एका शाळेत नोकरी धरली आणि कामाचं निमित्त सांगितलं. मिस्त्रींच्या दुकानावरून जायला लागू नये म्हणून बसस्टँडला लांबच्या रस्त्याने जायचे. दीड वर्ष असं गेलं.

एक दिवस मिस्त्रींनीच मला रस्त्यात गाठलं. "काय गं, वडलांच्या पेटीचं काय झालं?" मी उभ्या उभ्या सगळं ओकून टाकलं. काका, रुमाल, बोळा, पाय, कपाळ. आमची माणसं अशी आणि आमच्या चालीरीती तशा. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"तू त्यांना विचारलं होतंस? पेटी कुठं ठेवायची म्हणून?"

"मिस्त्री, त्यांना ऐकू येत नाही."

"वाचता येतं ना?"

आबा रोज सकाळी पेपर वाचायचे, पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत. पलटणीतल्या मित्रांची पत्रं यायची त्यांना, त्यांना ते उत्तरं लिहायचे. आणि आमच्या घरात, माझ्यासारखी शिकलेली मुलगी असलेल्या घरात, ते परत आल्यापासून कुणीही त्यांना एक ओळ लिहून दाखवली नव्हती. आम्ही फक्त ओरडलो होतो. गाव ओरडत होतं म्हणून मी गावावर चिडले होते, आणि स्वतः तर ओरडण्याचेही कष्ट घेतले नव्हते. सरळ पाय उचलून ठेवले होते.

जुन्या पेटीला पाय लागला होता, म्हणून मिस्त्रींनी स्पीकरला नवा कागद बसवून दिला आणि मे महिन्यात मी सुताराकडून नवी पेटी करून घेतली. जुनी पेटी आणि तिची फळी भिंतीवरून उतरवली आणि नवी सोप्यात मध्येच ठेवली, कोपऱ्यात नाही आणि भिंतीवरही नाही. काकूच्या मुलीची पाटी मागून घेतली आणि आबांच्या समोर बसून तिच्यावर लिहिलं, "आबा, पेटी कुठं ठेवू?"

आबांनी पाटी हातात घेतली. चष्मा लावला. एक ओळ वाचायला लागतो त्याहून किती तरी जास्त वेळ ते बघत राहिले. मग मान वर केली आणि त्यांचा चेहरा असा झाला होता की मी तसा कधी बघितला नव्हता.

"आता इचारतीयास व्हय?"

बहिऱ्या माणसाला आपला आवाज किती मोठा होतो ते कळत नाही. गल्लीतली माणसं दारात आली. "चार वर्सं झाली! चार वर्सं समदी माज्या कानात बोंबलत्यात! च्या पायजे का, न्हाई इचारलं. जमीन इकायची का, न्हाई इचारलं. दादाला ऐकू येत न्हाई, दादाचं काय घिऊन बसलाय! आन् तू? तू शिकलीयास! तू माजं पाय धरून त्येच्यावर ठिवलंस, चार मानसांत! मी कवा म्हणलं हुतं, पाय ठेवतो म्हणून? मान हलवली हुती मी. दिसली न्हाई तुला?"

दिसली होती. मी मान खाली घातली, आणि मग पुन्हा वर केली, कारण खाली घातलेल्या मानेने त्यांना काही कळणार नव्हतं. पाटी घेतली आणि लिहिलं, "दिसली होती. चुकले."

ते वाचून आबा बराच वेळ धापा टाकत बसले. मग आबांनी माझ्या हातातली पाटीवरची पेन्सिल ओढून घेतली, उठले, आणि जुन्या खुंट्या होत्या तिथेच भिंतीला तोंड करून उभे राहिले. कपाळापाशी पेन्सिल नेली आणि चुना दिलेल्या भिंतीवर दाबून रेघ ओढली.

"हितं."

सुतार फळी घेऊन आला तेव्हा त्याने आधीची रेघ शोधली. ती अजून होती, खुंट्यांच्या वर, फिकट झालेली. त्याने दोन्ही रेघांमध्ये बोटं ठेवून माप घेतलं आणि मला म्हणाला, जुन्या खुंट्या चालायच्या नाहीत, नव्या ठोकाव्या लागतील. नवी रेघ दोन बोटं खाली होती. दीड वर्षात आबा तेवढे वाकले होते, आणि तेवढं दीड वर्ष मी सांगलीत रागावून बसले होते.